नाव नसलेला चढ

जीपीएक्स फाईल कधी टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचली आहे का? बहुतेक सायकलवाले ती थेट ॲपमध्ये टाकतात. नकाशावर निळी रेघ उमटते, खाली चढ-उताराचा आलेख येतो, काम झालं. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला आतलं उघडून बघायची खोड आहे. आत एकच वाक्य हजारो वेळा लिहिलेलं असतं: अक्षांश, रेखांश, उंची, वेळ. पुन्हा अक्षांश, रेखांश, उंची, वेळ. दिंद्रुडच्या बसस्टँडपासून तेलगाव आणि तिथून घाट चढून धारूर, अशी माझी एका सकाळची फाईल आहे. तिच्यात अशा काही हजार ओळी आहेत आणि दिंद्रुड हा शब्द एकदाही नाही.

ही लगेच तक्रार समजू नका. मला या फाईलकडे आणि तिच्यासोबत येणाऱ्या मजकुराकडे लेखन म्हणून बघायचंय. सायकलवाले ज्याला 'रूट' म्हणतात तो एव्हाना एक पक्का लेखनप्रकार झालाय. एक रेघ, एक आलेख, आठ-दहा फोटो आणि चार ओळी: एकूण अंतर, एकूण चढाई, रस्ता कसा, चहा कुठे. साहित्याच्या खात्यात कुणी याची नोंद करत नाही, पण माझ्या वयाची माणसं प्रवासाबद्दल जे काही वाचतात त्यात हे बरंच असतं. आणि फार लक्षपूर्वक वाचतात. प्रवासवर्णनाचं पुस्तक मिटून ठेवून प्रवासाला जाता येतं. हे हँडलवर अडकवून, वाचत वाचतच जावं लागतं. चुकीची ओळ वाचली तर माणूस चुकीच्या गावात पोचतो.

या प्रकाराचा आदर्श नमुना आहे इटलीचा. डोंगराळ भागातल्या सायकल रूटबद्दल काहीही शोधा, दोन-तीन टिचक्यांत टस्कनी येतेच. सिएनाच्या आसपासचे टेकाड, त्यांच्या माथ्यावरून जाणारा पांढरा कच्चा रस्ता, कडेला सुरूची उंच झाडं, एखादं दगडी घर, आणि फ्रेममध्ये एकटा सायकलस्वार. मी इटलीला गेलेलो नाही. मी त्या रस्त्यांचा फक्त वाचक आहे, आणि इथे जे लिहितोय ते वाचक म्हणूनच.

त्या पांढऱ्या रस्त्यांची गोष्ट खरंच चांगली आहे. १९९७ साली कियांतीतल्या गायोले गावातून जानकार्लो ब्रोच्ची यांच्या पुढाकारानं 'लेरोइका' नावाची सायकलफेरी सुरू झाली. पहिल्या वर्षी ९२ जण होते. सायकल १९८७ च्या आधीची हवी, गिअरचे दांडे खालच्या नळीवर हवेत, पेडलला पट्टे हवेत, ब्रेकच्या वायरी हँडलबारवरून बाहेर निघालेल्या हव्यात, असे नियम. हे ऐकून आपल्याला हौशी लोकांचे लाड वाटतील, मलाही वाटले होते. पण त्यामागे एक साधा मुद्दा होता: डांबर पडत पडत हे कच्चे रस्ते संपतील, तर त्यांचा काहीतरी उपयोग दाखवला पाहिजे. तो दाखवला गेला. आज तिथे २०९ किलोमीटरचा कायमचा मार्ग पाट्या लावून आखलेला आहे, आणि २००७ पासून याच रस्त्यांवर व्यावसायिक शर्यतही होते, जी सिएनाच्या मधल्या चौकात संपते. कच्चा रस्ता वाचवण्यासाठी शर्यत भरवावी ही कल्पना मला मनापासून आवडते.

मग माझं भांडण कशाशी आहे? फोटोंशी. त्या फोटोंत माणसं नसतात. द्राक्षाचे मळे असतात, छाटलेले, ओळीत. ते कुणी छाटले ते दिसत नाही. घरं असतात, पण अंगणात वाळत घातलेलं काही नसतं. रूटच्या मजकुरातही तेच: 'शांत', 'निवांत', 'वाहनं नाहीत'. शांतता हा या प्रकारात गुण मानला जातो आणि तिचं कारण विचारायची पद्धत नाही.

योगायोग असा की याच टेकड्यांचं एक जुनं चित्र उपलब्ध आहे. सिएनाच्या नगरसभेच्या इमारतीत, नऊ जणांचं मंडळ जिथे बसायचं त्या दालनात, अम्ब्रोजो लोरेन्झेत्ती यानं १३३८-३९ मध्ये भिंती रंगवल्या. विषय होता चांगल्या राज्याचे आणि वाईट राज्याचे परिणाम. फोनवर ते चित्र मोठं करून बघता येतं. चांगल्या राज्याच्या भिंतीवर शहराचा दरवाजा आहे आणि त्यातून बाहेर पडणारा रस्ता. ससाणे घेतलेले श्रीमंत घोड्यावरून खाली उतरतायत, समोरून एक शेतकरी डुक्कर हाकत वर येतोय, लादलेली जनावरं येतायत. बाजूच्या टेकड्यांवर कापणी चाललीय, मळणी चाललीय, कुणी खणतंय. वर आकाशात 'सुरक्षितता' बाईच्या रूपात उडतेय. तिच्या एका हातात फासाचा खांब आहे, दुसऱ्या हातातल्या कागदाचा आशय असा की या राज्यात कुणीही न भिता वाटेनं चालावं. म्हणजे रस्त्याची सुरक्षितता हा चौदाव्या शतकातल्या नगरसभेच्या भिंतीवरचा विषय आहे. इतकं गजबजलेलं शिवार मी दुसऱ्या कुठल्या चित्रात पाहिलेलं नाही.

आणि समोरच्या भिंतीवर, वाईट राज्याच्या बाजूला, त्याच टेकड्या ओसाड. शेतं उजाड, वस्त्या जळलेल्या, वाटेवर सैनिक. रंग बराच उडालाय, तरी एवढं कळतं.

म्हणजे त्या चित्रकाराच्या हिशेबात माणसं नसलेला डोंगर हे राज्य बिघडल्याचं लक्षण होतं. आज तीच चौकट सायकल टूरच्या जाहिरातीवर असते आणि आपण तिला लाईक करतो.

टस्कनीचे डोंगर रिकामे कसे झाले याचं उत्तर फार लपलेलं नाही. तिथे शेकडो वर्षं 'मेत्साद्रिया' नावाची पद्धत होती. 'मेत्सो' म्हणजे अर्धा. जमीन मालकाची, राबणं कुळाचं, पीक अर्धं-अर्धं. मराठवाड्यातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही, आपण याला बटई म्हणतो, अर्धेली म्हणतो. कुळाचं घर शेतातच, टेकडीवर, म्हणजे आता फोटोत दिसतं ते दगडी घर. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कुळं मोठ्या संख्येनं कारखान्यांच्या शहरांकडे निघून गेली, १९६४ च्या कायद्यानं नवे करारच बंद झाले, घरं पडीक राहिली. मग ती बाहेरच्या लोकांनी विकत घेतली, दुरुस्त केली आणि कितीतरी घरांत आता पर्यटक राहतात. जाणाऱ्यांना जाऊ नये वाटत होतं असंही नाही. अर्धेलीनं राबणं कुणाला प्रिय असतं? पण निवांत रस्त्याचा फोटो हा त्या निघून जाण्याचा फोटो आहे, आणि रूट लिहिणारा ते लिहीत नाही.

आता बालाघाटावर येतो, कारण हे सगळं मला तिथेच सुचलं.

दिंद्रुड माजलगाव तालुक्यात, खालच्या बाजूला. दक्षिणेकडे बघितलं की बालाघाटाची रांग दिसते. तेलगावहून रस्ता वर चढतो, अरणवाडीवरून धारूरला जातो. वर पोचलं की पठार. पुढे आडसवरून अंबाजोगाई, अंबाजोगाईहून उतरून परळी, परळीहून सिरसाळ्यावरून परत दिंद्रुड. शंभर-सव्वाशे किलोमीटरची फेरी होते. इथला खरा चढ एकच, साधारण अडीच-तीनशे मीटरचा. कळसूबाईच्या बाजूचे लोक हसतील, हसू देत. धारूरचा घाट अरुंद आहे, वळणांचा आहे, अपघातांसाठी बदनाम आहे. पहाटे गेलात तर बरा.

पावसाळा संपताना हे डोंगर हिरवे असतात आणि सीताफळं लागलेली असतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. त्यानंतर गवत पिवळं पडतं, हवा कोरडी होते, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी सायकलला याहून चांगला काळ नाही. पुण्या-संभाजीनगरचे ग्रुपही याच दिवसांत येतात. त्यांची वर्णनं मी आवडीनं वाचतो, आपल्या गावाबद्दल कुणी लिहिलं की बरं वाटतंच. त्यांत हमखास एक वाक्य असतं: गावं शांत, रस्त्यावर वर्दळ नाही, घरांसमोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनी आपुलकीनं चौकशी केली.

म्हातारी माणसंच का, हे विचारा ना.

कारण बाकीचे उसाला गेलेत. साखर कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. सायकलचा हंगाम आणि तोडणीचा हंगाम एकच आहे. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, या डोंगरपट्ट्यातल्या गावांतून नवरा-बायकोची जोडी निघते. तिला कामाच्या भाषेत 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला जायचंच असतं. मागे राहतात आजी-आजोबा, शाळेची पोरं, कुलूपबंद घरं. काही गावांत त्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह असतं. लोरेन्झेत्तीच्या दुसऱ्या भिंतीइतकं हे भयाण दिसत नाही, उलट ऊन कोवळं असतं आणि सगळं छान दिसतं. फोटोही छान येतो. मी स्वतः काढलेत आणि टाकलेत. खाली 'स्वर्ग' असं लिहिलेली एक कमेंटही आहे, तिला मी बदाम दिला होता.

म्हणून मला बाहेरून आलेल्या कुणावर बोट ठेवायचं नाही. त्यांना नजर उसनी मिळाली, मलाही तीच मिळाली. माझं म्हणणं या लेखनप्रकाराबद्दल आहे. रूटमध्ये रस्ता हा कायम कुणीतरी आधीच करून ठेवलेला असतो आणि आपण फक्त त्याचा दर्जा सांगतो.

दर्जावरून आठवलं. टस्कनीतल्या पांढऱ्या रस्त्याचं आपल्याकडचं भावंडं म्हणजे मुरमाचा पाणंद रस्ता. हल्ली जाड टायरच्या ग्रॅव्हल सायकली आल्यात आणि 'अनटच्ड' कच्चे रस्ते शोधून रूट बनवणं चालू आहे. सायकलवर असताना मलाही वाटतं, हा मुरूम असाच राहावा. पण शिवारात घर असलेल्या माणसाला विचारा. जुलैत त्याच वाटेला चिखल होतो, ट्रॅक्टर रुततो, बाळंतीण बाई रस्त्यापर्यंत आणायची तर चार माणसं लागतात. २०२१ मध्ये राज्यानं मातोश्री ग्राम समृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली ती याच रेट्यामुळे. गायोलेत डांबर नको म्हणता आलं, कारण तिथे घरापर्यंत पोचायची अडचण त्याआधीच सुटलेली होती. आपल्याकडे ती सुटायचीय. तरी मुरमावरून टायर फिरताना जो बारीक आवाज येतो तो डांबरावर येत नाही, हेही खरं आहे आणि या दोन गोष्टी माझ्यात जुळत नाहीत. जुळवायचा प्रयत्न मी सोडून दिलाय.

आता आलेखाबद्दल, कारण यावर माझ्यासारखे लोक तासन्‌तास भांडतात. धारूरच्या घाटाची चढाई तीन ॲप तीन वेगवेगळी दाखवतात. कारण साधं आहे. २००० सालच्या फेब्रुवारीत एन्डेव्हर यानानं ११ दिवसांच्या मोहिमेत रडारनं पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. उंचीसाठी आजही बरीच सॉफ्टवेअर तोच किंवा तसाच तक्ता वापरतात. त्यातला एक चौकोन जमिनीवर ३० मीटर रुंद असतो, जुन्या आवृत्तीत जगाच्या मोठ्या भागासाठी ९० मीटर होता. घाटातला रस्ता पाच-सहा मीटरचा, डोंगराच्या कुशीत कोरलेला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. त्या चौकोनात रस्ता, कडा, दरी यांची सरमिसळ होते. मग सपाट वळणावर आलेखात खोटा उंचवटा उगवतो, पुढे खोटा खड्डा. हे गुळगुळीत करायला प्रत्येकाचं वेगळं गणित. तेव्हा 'एकूण चढाई' या आकड्याची बेरीज-वजाबाकी करून दोन माणसांचा पराक्रम ठरवणं म्हणजे धान्य न चाळता मापानं मोजणं.

आणखी एक नकाशा आहे. स्ट्राव्हा या ॲपनं जगभरच्या वापरकर्त्यांच्या फेऱ्या एकत्र करून एक उष्णतानकाशा केला. जिथे जास्त लोक गेले ती वाट जास्त उजळ. २०१८ च्या सुरुवातीला त्यातून लष्करी तळांच्या वाटा उघड्या पडल्या म्हणून तो गाजला. मला त्यात वेगळंच दिसलं. पुण्याच्या टेकड्या झगझगीत आणि आमच्याकडचे रस्ते अंधुक. वस्तीवरून शाळेला येणाऱ्या मुली त्याच रस्त्यावरून रोज सायकलनं जातात, आठवड्याचे सहा दिवस, दप्तर मागे, पुढे मैत्रिणीशी बोलत. या भागातल्या सगळ्यात नियमित सायकलस्वार त्या आहेत. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना अडकवून डेअरीला जाणारे बाप्ये आता बहुतेक मोटारसायकलवर गेले, मुली उरल्या. त्यांच्या खिशात फोन नाही, म्हणून त्या रस्त्यावरून कुणी जात नाही असं नकाशा म्हणतो. मग बाहेरचा माणूस तो रस्ता 'शोधून काढतो'.

एवढं बोलल्यावर चांगला रूट कसा लिहावा हा प्रश्न मला टाळता येत नाही. गंमत म्हणजे मराठीत याचा नमुना सातशे वर्षांपूर्वीच्या आसपासचा आहे. महानुभावांची 'स्थानपोथी'. चौदाव्या शतकातली, मुनी व्यासांची मानली जाणारी. चक्रधरस्वामी पायी फिरले, गोदावरीच्या काठानं, मराठवाड्यातून, विदर्भातून. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'त त्यांच्या आठवणी गोळा केल्या, तर स्थानपोथीनं जागा गोळा केल्या. कुठल्या गावात कुठलं देऊळ, त्याचं दार कोणत्या दिशेला, त्याच्या कोणत्या अंगाला बसणं झालं, तिथून दुसरी जागा कुठे. मागून येणाऱ्या माणसाला ती जागा सापडावी आणि तिथे डोकं टेकवता यावं एवढ्यासाठी हा खटाटोप. साहित्य म्हणून वाचायला ती रुक्ष आहे, खरं सांगतो. दोन-चार पानांत कंटाळा येतो. पण तिच्यात एकही जागा नुसता बिंदू नाही. इथे कुणीतरी बसलं, बोललं, झोपलं, म्हणून ती जागा नोंदली गेली.

दुसरा नमुना आणखी घरचा. शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईच्या वाटेनं पंढरपूरला जाते. पालखीचं वेळापत्रक छापलेलं असतं: तिथी, गाव, दुपारचा विसावा, रात्रीचा मुक्काम. त्यात चढ किती मीटर हे नसतं, पण मुक्काम कुठे याचा अर्थ जेवण कुठे, पाणी कुठे, पाठ कुठे टेकायची. ते वाचून हजारो लोक घाट चढतात. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे फेऱ्यांमध्ये याची थोडी आठवण येते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत करायचे असतात आणि जवळच्या कार्डावर ठरलेल्या ठिकाणी शिक्का घ्यायचा असतो. निदान तिथे गावाचं नाव तरी लिहावं लागतं.

तिसरं पुस्तक सायकलचं नाही, रूटचंही नाही. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. वरसईचा हा माणूस १८५७ मध्ये उत्तरेकडे गेला तो हिंडायला म्हणून नव्हे. घरावर कर्ज होतं आणि तिकडे मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल असं कळलं होतं. वाटेत बंड उसळलं. पैसा लुटला गेला, आणि परत येताना खांद्यावर गंगेची कावड होती. चिं. वि. वैद्यांनी संपादून १९०७ मध्ये ते छापलं. ते पुस्तक इतकं जिवंत का, याचं मला सापडलेलं कारण असं की लिहिणाऱ्याला वाटेतल्या प्रत्येक माणसाची गरज होती. कोण जेवू घालेल, कोण लुटेल, कुठे दक्षिणा मिळेल, यावर त्याचं लक्ष होतं. आमच्या रूटमध्ये माणसाची गरजच उरत नाही. पाण्याच्या दोन बाटल्या, एनर्जी बार, पंक्चरचं सामान, सगळं सोबत. चहावाल्याची तेवढी लागते, म्हणून तेवढाच तो फोटोत येतो.

कर्ज, उचल, वाट. हे वाचताना मला शेजारच्या अण्णांची आठवण झाली. ते आता थकलेत, पण पंचवीस-तीस हंगाम उसाला गेले, सुरुवातीची काही वर्षं बैलगाडीनं. दिवाळीत गावी गेलो तेव्हा त्यांच्या ओसरीवर बसून त्यांना वाट विचारली. त्यांनी ती एका दमात सांगितली: तेलगाव, धारूर, केज, कळंब, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, अकलूज. पाढ्यासारखी. मग पुन्हा पहिल्यापासून, सावकाश. कळंबच्या अलीकडं मांजरा लागते, तिथं बैलं पाजायची. बार्शीत दाणावैरण घ्यायची, पुढं महाग. टेंभुर्णी सोडली की भीमा. कुठल्या फाट्यावर रात्री थांबायचं नाही आणि का नाही, तेही सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

मी त्यांना फोनवर माझ्या घाटाचा आलेख दाखवला. वाटलं, यांना काय कळणार. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला, आणि बोट डावीकडून उजवीकडे नेत म्हणाले, "हे तेलगाव. इथून लागला चढ. इथं," बोट आलेखातल्या सगळ्यात उभ्या भागावर थांबलं, "इथं बाया-पोरं खाली उतरायची. एकानं म्होरं धरायचं, दोघांनी माघून चाकाला लावायचं. बैल गुडघ्यावर यायचा बाबा." पुढच्या एका उंचवट्यावर बोट टेकवून म्हणाले, "हे न्हाय. इथं सपाट हाये." तो खोटा उंचवटा होता. सॉफ्टवेअरच्या चुकीचा.

आलेखावर इतकी टीका करून मी त्या संध्याकाळी जरा गप्प झालो. अण्णांना तो वाचता आला, माझ्यापेक्षा बरा. मग घरी येऊन पुन्हा फाईल उघडली. या फॉरमॅटमध्ये अक्षांश-रेखांशासोबत नावाची जागा आहे, टिपेची जागा आहे, वर्णनाची जागा आहे. २००२ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. फॉरमॅट बनवणाऱ्यांनी ती ठेवली होती, मीच ती रिकामी सोडत आलो. इतकी वर्षं दुसऱ्यांचा कोड वाचून 'कमेंट का लिहिली नाहीस' असं विचारणारा मी.

दुसऱ्या दिवशी पहाटे परत घाटात गेलो. अण्णांनी दाखवलेल्या जागी थांबून बिंदू टाकायचे होते. अजून उजाडायचं होतं. तिसऱ्या की चौथ्या वळणावर मागून ट्रकचा आवाज आला, म्हणून सायकल कडेला घेतली. ट्रक भरलेला होता: भांडी, कोपीचं सामान, पोती, दोन शेळ्या, आणि वर गोधड्या पांघरून बसलेली माणसं. चढाला गाडी इतकी हळू झाली की माझ्या बरोबरीनं चालल्यासारखी. वरून एका बाईनं विचारलं, "कुठं चाललाव, दादा, एवढ्या थंडीचं?"

"धारूरला."

"कामून?"

मी उत्तर जुळवेपर्यंत ट्रक वळणाच्या पुढे गेला होता. त्या वळणाच्या बिंदूला अजून नाव दिलेलं नाही. संध्याकाळी अण्णांना बाकीचे दाखवले. त्यांनी एकेक नाव मला वाचायला लावलं, मान हलवली आणि म्हणाले, "समदं बराबर हाये. पाणी कुठं हाये ह्याच्यात?"